नाना, त्या शब्दाचा अर्थ तुम्हाला येत होता

तीर्थरूप नाना,

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. काल तुमच्या शाळेत शोकसभा झाली. शेवटी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले, हात जोडले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, पोरीचा कंठ दाटून आला. कंठ दाटला नव्हता नाना. मला जे बोलायचं होतं ते हार घातलेल्या फोटोपुढं बोलण्यासारखं नव्हतं, इतकंच. म्हणून हे लिहायला बसले आहे.

तुमचा एक जुना विद्यार्थी बोलला. आता तो इथं चांद्याच्या कचेरीत कारकून आहे. म्हणाला, "सरांनी आम्हाला एकही शब्द चाळून पुढं जाऊ दिलं नाही. इंग्रजी क्रियापद आलं की त्याचे सगळे अर्थ, आणि एकेका अर्थाचं एकेक वाक्य. फक्त एकदा तसं झालं नाही. मॅट्रिकच्या वर्षी धड्यात रिलिंक्विश हा शब्द आला. सर थांबले. खडू टेबलावर ठेवला आणि म्हणाले, हा तुम्ही घरी कोशात पाहा. का, ते आम्हाला अजून कळलं नाही."

लोक हसले. थोर माणसाचा एखादा विक्षिप्तपणा ऐकून हसतात तसे. मागच्या रांगेत आई बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

मला कळलं होतं, नाना. तुम्हाला तो शब्द उच्चारवत नव्हता, हे मला काल पहिल्यांदा कळलं. पण त्यानं मला बरं वाटावं का? तुम्हाला टोचत होतं तर माझ्याकडं यायचं होतं. मी शिकवते ते चिमूर काही विलायतेत नाही. बाकावरच्या पोरांपुढं खडू ठेवून काय झालं?

तुम्ही मला इंग्रजी शिकवलंत ते ओसरीवर. चौथीनंतर मुलींना घरी बसवायचा तो काळ. तुम्ही म्हणालात, "माही पोरगी घरी बसंल, पन रिकामी बसनार नाई." शाळेत तुम्ही पुण्याच्या माणसासारखं शुद्ध बोलायचे आणि घरी आलात की आमच्यासारखं. मला ते घरचे नाना आवडायचे.

सोडणे या एका शब्दावर आपण आठ दिवस घालवले होते. मराठीत सगळ्याला सोडणेच म्हणतात, इंग्रजांनी त्याचे तुकडे केले, असं तुम्ही म्हणायचे. लीव्ह हा साधा शब्द. "त्यानं घर लीव्ह केलं आन् त्यानं छत्री लीव्ह केली, यात फरक काय वो कुसुम?" मला सांगता येईना. "पयल्यात मानूस गेला. दुसऱ्यात छत्री रायली." मी किती हसले होते. मग गिव्ह अप. मामानं तंबाखू सोडली, ते गिव्ह अप. त्याच्या पुढचे शब्द उद्या, असं म्हणून तुम्ही वही मिटलीत. पण दुसऱ्या दिवशी मला पाहायला पाहुणे आले, आणि ती वही नंतर कुणी उघडली नाही.

माझं सासर आरमोरीजवळच्या खेड्यातलं. धानाची शेती, गावाला लागून तळं. ते स्वतः वनखात्यात कारकून, आलापल्लीच्या लाकूड डेपोत. तिथल्या दोन खोल्यांत मी तीन वर्षं सुखात काढली. तिथंच शकू झाली. शकू दीड वर्षाची असताना त्यांना ताप भरला. पाच दिवस. बैलगाडी जुंपून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी तेवीस वर्षांची होते.

तुम्ही मला आणि शकूला चांद्याला घेऊन आलात. त्यासाठी मी तुमची ऋणी आहे, ते मी नाकारत नाही. तुम्ही माझे केस काढू दिले नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना दारातून परत पाठवलंत. आणि नागपूरच्या शिक्षिकांच्या ट्रेनिंगचा अर्ज स्वतः भरलात. फक्त एक अडचण होती. तिथल्या वसतिगृहात मूल ठेवू देत नव्हते.

आई थकलेली होती. आणि तिकडं गावी त्यांचे थोरले भाऊ, माझे भासरे, आणि जाऊबाई होते. लग्नाला नऊ वर्षं झालेली, घरात मूल नाही. जाऊबाईंना शकूचं वेड होतं.

मी म्हटलं, मग मला ट्रेनिंग नको.

वैशाखातली ती दुपार मी तुम्हाला पुन्हा सांगणार आहे, कारण आपण दोघांनी ती नंतर एकदाच बोलून काढली आणि तेव्हाही अर्धीच. भासरे आणि जाऊबाई बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसले होते. शकू जाऊबाईंच्या मांडीवर तेंदूची पिकलेली टेंभरं खात होती. तिचे गाल पिवळे, चिकट झाले होते. तुम्ही मला आत बोलावलंत. टेबलावर टाईप केलेला कागद होता, सगळा इंग्रजीत. तुम्ही म्हणालात, "वाच आणि सही कर."

मी वाचला. मला बरंचसं कळलं, त्याचा मला अभिमानही वाटला. मुलीचं नाव, तिच्या बापाचं नाव, माझं नाव, पालनपोषण, शिक्षण. एका शब्दावर मी अडले. बोट ठेवून विचारलं, "नाना, हा शब्द आपला झाला नाई. याचा अर्थ काय?"

तुम्ही खिडकीबाहेर पाहत म्हणालात, "रिलिंक्विश. म्हणजे एखादी गोष्ट विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवणे. तुझं शिक्षण पूर्ण होईपर्यंत शकूला त्यांच्या हाती सोपवायचं, असं यात लिहिलं आहे."

"मंग माहं शिक्षण झाल्यावर ती माह्याकडं येईल?"

"अर्थातच."

घरात तुम्ही शुद्ध बोलत होता, नाना. ओसरीवरचा माझा बाप वर्गातल्या मास्तरासारखा बोलत होता. तेव्हाच मला ओळखता आलं असतं. पण ज्यानं मला छत्रीचं आणि माणसाचं सोडणं वेगळं करून दाखवलं, त्याच्यावर संशय कशी घेणार होते मी?

मी सही केली. सुंदर अक्षरात केली. तुम्हीच वळण लावलं होतं.

नागपुरात पहिली दिवाळी झाल्यावर मी गावी जाऊन शकूला भेटून आले. निघताना ती माझ्या लुगड्याला धरून रडली. मग तुमचं पत्र आलं, की पोर नंतर चार दिवस तापानं पडली होती, तू सारखी जाऊ नकोस, तिलाही त्रास, तुझाही अभ्यास मोडतो. मी गेले नाही. दोन वर्षांत एकदाच गेले मी. लोकांना सांगताना माझी मलाच लाज वाटते. पण ती माझी आहे, माझीच राहणार आहे, अशी मनात खात्री होती. खात्री असली की माणूस वाट पाहू शकतो. तुम्हाला ते बरोबर ठाऊक होतं.

चिमूरच्या मुलींच्या शाळेत नेमणूक झाली. मी एक खोली घेतली. शकूसाठी छोटी खाट करून घेतली, तिच्या उंचीचा अंदाज करून. दिवाळीच्या सुट्टीत नागभीडहून गाडी धरून वडशाला उतरले, तिथून छकड्यात बसून गावी गेले. धानाची कापणी चालली होती. गावात मंडई, दिवाळीनंतरची जत्रा, भरायची होती त्या दिवशी. शकू नवा झगा घालून भासऱ्यांच्या खांद्यावर बसली होती. साडेचार वर्षांची.

मी हात पुढं केला. ती मागं सरकली. भासरे म्हणाले, "काकू आहे, नमस्कार कर."

काकू.

मी हसून जाऊबाईंना म्हटलं, "बाई, आता मी हिला न्यायला आली."

जाऊबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "न्यायले? कोनाले न्यायले?"

मग भासऱ्यांनी पेटीतून तो कागद काढला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. गावच्या शाळेच्या हेडमास्तरांना बोलावणं गेलं. भला माणूस होता. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि मान वर न करता म्हणाले, "बाई, यात तुम्ही मुलीवरचा आईचा हक्क कायमचा सोडून दिला आहे."

मी म्हटलं, "नाही. तुम्ही अर्थ चुकवता आहात. रिलिंक्विश म्हणजे सोपवणे."

त्यांनी विचारलं, "कुणी सांगितलं?"

मी तुमचं नाव सांगितलं. चांद्याचे इंग्रजीचे मास्तर, माझे वडील.

त्यांनी कागदाची घडी घातली. फार हळू बोलले. "बाई, मी त्यांचाच विद्यार्थी. हा शब्द मला त्यांनीच शिकवला. पाच शब्द फळ्यावर लिहिले होते. लीव्ह, निघून जाणे किंवा मागे ठेवणे. गिव्ह अप, नाद सोडणे. अबॅन्डन, वाऱ्यावर टाकून देणे. सरेंडर, हरून हवाली करणे. आणि रिलिंक्विश, जे आपलं आहे, जे धरून ठेवावंसं वाटतं, त्यावरचा हक्क आपण होऊन सोडणे. सर म्हणाले होते, हा पाचांतला सगळ्यात जड शब्द."

आपण होऊन. मी, आपण होऊन.

मी भासऱ्यांवर ओरडले. लबाड म्हटलं, पोरचोर म्हटलं. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "आमी लबाडी नाई केली, बाई. आमी तं म्हनलो होतो, कागद मराठीत लिवा, तिलेबी वाचता येईल. तुमच्या बापानंच इंग्रजीत करून आनला. मी म्हनलो, बाईले नीट समजावून सांगा. ते म्हनाले, सांगतो."

हे तुम्हाला माहीत होतं का, की मला हेही कळलं आहे? की ते इंग्रजी तुमची निवड होती? जी भाषा तुम्ही मला ओसरीवर अर्धी शिकवलीत, तिच्यातल्या न शिकवलेल्या शब्दात तुम्ही माझी पोर ठेवलीत.

मी जमिनीवर बसून रडत होते. शकू जाऊबाईंच्या मागून डोकावली आणि म्हणाली, "आई, ही बाई काऊन रडून राह्यली?"

जाऊबाई तिला कडेवर घेऊन आत गेल्या. त्याही रडत होत्या, हे मला आज लिहिता येतं. तेव्हा दिसलं नव्हतं.

तिथून मी सरळ चांद्याला आले. तुम्ही वह्या तपासत होता. मी विचारलं, "तुम्हाला अर्थ येत नव्हता का?"

तुम्ही पेन खाली ठेवलं. "येत होता."

"मग?"

"खरं सांगितलं असतं तं तू सही केली असती?"

"नसती केली."

"ट्रेनिंगले गेली असती?"

"नसती गेली."

"मंग?" तुम्ही म्हणालात.

तुमचा तो मंग मी सहा वर्षं ऐकते आहे, नाना. वर्गात हजेरी घेताना ऐकते, चुलीपुढं ऐकते. गणिताचं उत्तर बरोबर आल्यावर मास्तर जसं म्हणतो तसं तुम्ही म्हणालात. तुमचा हिशेब बरोबर होता. मुलगी ट्रेनिंग झाली, नोकरीला लागली, कुणाच्या दारात उभी राहिली नाही. चांद्यात लोक उदाहरण देतात. पण उत्तर काढण्याआधी मला विचारायचं होतंत. मी कदाचित चुकले असते. आयुष्यभर तुमच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसले असते, शकूला मांडीवर घेऊन. ती चूक माझी असती. तुम्ही मला चुकूसुद्धा दिलं नाहीत.

वकिलाकडं जा, असं मला मैत्रिणी म्हणाल्या. मी गेले नाही. गेले असते तर तुम्हाला साक्षीला उभं राहावं लागलं असतं, आणि शकूला दोन बायांच्या मध्ये. त्यातलं कुठलं कारण खरं, ते मी अजून स्वतःला सांगितलेलं नाही.

आईला मी त्याच दिवशी विचारलं होतं, तुला माहीत होतं का? ती म्हणाली, "मले इंग्रजी येते काय?" थोड्या वेळानं म्हणाली, "पन तू सही केली, त्याच्यानंतर दोन दिवस जेवले नाई ते." मी म्हटलं, दोनच?

त्यानंतर मी सणाला येत राहिले, आईसाठी. तुम्ही पुढच्या खोलीत, मी मागच्या. चहा आई नेऊन द्यायची. एकदा तुम्ही दारात येऊन उभे राहिलात आणि विचारलंत, "शकू कशी आहे वो?" मी भाकरी थापत राहिले. तुम्ही उभेच होता. मग गेलात. ते मी मुद्दाम केलं. ते मला चांगलं वाटलं, हेही सांगून टाकते.

या माघात तुमची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मी रजा घेऊन आले. तुमच्या तोंडातून नुसते आवाज येत होते, शब्द एकही नाही. गेलात त्या दिवशी सकाळी तुम्ही डाव्या हातानं माझं मनगट धरलंत. घट्ट. डोळे माझ्याकडं. तुम्हाला काही सांगायचं होतं, ते मला दिसत होतं. मी म्हटलं, औषधाची वेळ झाली. तुमची बोटं एकेक करून सोडवली आणि आत गेले. औषध तिथंच कोनाड्यात, तुमच्या उशाशी होतं. मी स्वयंपाकघरात उभी राहिले, काही न करता. आईनं हाक मारली तेव्हा परत आले. तुम्ही गेला होता.

दोन मिनिटं बसले असते तर काय बिघडलं असतं माझं? हा प्रश्न मला तुम्ही देऊन गेलात, आणि मी तो तुमच्यावर रागवूनही परत करू शकत नाही.

तेरवीला जाऊबाई आल्या, शकूला घेऊन. शकू आता दहा वर्षांची आहे. कपाळ तिच्या बापासारखं, चालणं माझ्यासारखं. सगळे गेल्यावर जाऊबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "आमच्या गावात चौथीच्या पुढं शाळा नाई. हे म्हनतात, बस झालं. पोरगी तं ऐकत नाई. तुमी चिमूरले ठेवून घेसाल काय तिले?"

मी शकूकडं पाहिलं.

"पन तिले काई सांगू नका," त्या म्हणाल्या. "काकू म्हनूनच ठेवा."

"हो," मी म्हणाले. लगेच. तुमच्या त्या ‘अर्थातच’सारखं.

दिवसभर मी खुशीत होते. खोलीत खाट कुठं सरकवायची, ते मनात ठरवत होते. मग संध्याकाळी शकू माझ्याशेजारी बसून शेंगा सोलत होती आणि तिनं विचारलं, "काकू, तुमाले लेकरू नाई काय?" आणि मी म्हणणार होते, नाही. शब्द तोंडात तयार होता. पोरीच्या भल्यासाठीच होता. मी उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना गाडीत बसवायला गेले. वडशाची गाडी फलाटावर लागली होती. शकू खिडकीशी बसली. मी जाऊबाईंना डब्याच्या दारात गाठलं आणि म्हटलं, "बाई, मी काल हो म्हणाले ते चुकलं. मी आपण होऊन काही सांगणार नाही. पण तिनं विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. तुम्हाला चालत नसेल तर तिला नका आणू."

त्या माझ्याकडं पाहत राहिल्या. तोंड उतरलं त्यांचं. आत जाऊन शकूच्या बाजूला बसल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मी तिथंच उभी. मनात म्हटलं, गेली. या वेळी मीच घालवली, आणि मला अर्थ चांगला ठाऊक होता.

खिडकीतून शकू म्हणाली, "काकू, तुमी मले अशा काऊन पाहून राह्यल्या?"

शिट्टी झाली. गाडी हलली. मी चालू लागले बरोबर. तेवढ्यात जाऊबाईंनी खिडकीतून वाकून माझा दंड धरला.

"शाळा उघडली का घेऊन येतो तिले," त्या म्हणाल्या. "आन् विचारलंच तिनं, तं एकटीनं सांगू नका. मी असंन तवा सांगा. माह्यासमोर."

तर नाना, असं ठरलं आहे. तुमचा इथं कुणी सल्ला घेतला नाही.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. पुढं करेन, असंही आज म्हणवत नाही. पण एक वचन देते. शकू विचारेल त्या दिवशी जाऊबाई तिच्या एका बाजूला असतील आणि मी दुसऱ्या. मी तिला तुमचं सगळं सांगेन, साध्या मराठीत. तुम्ही काय केलंत ते कमी करणार नाही. तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता, तेही गाळणार नाही. मग तिला तुमच्यावर रागवायचं की नाही, ते तिचं ती ठरवील. मी तिच्या वतीनं ठरवणार नाही.

तुमची मुलगी,
कुसुम